हॉलमधून जाणारी पायवाट

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा ग्रंथपाल बनियन-पायजम्यावर हॉलमध्ये पेपर वाचत बसला होता. आठवड्याचे सहा दिवस तो लोकांना "हळू बोला" म्हणायचा आणि सातव्या दिवशी स्वतः बोलायचा नाही. त्याने दार उघडलं. दारात नकाशेकाका उभे होते आणि त्यांच्या मागे, थेट जिन्यापर्यंत, बावीस माणसं.

नकाशेकाका भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. म्हणजे पगार थांबला होता, मोजणी चालूच होती. हे उपनगर पूर्वी चाळीस घरांचं गाव होतं, हे ते भेटेल त्याला सांगत, आणि भेटेल तो घड्याळ बघे. गावाच्या इतिहासावर त्यांनी चारशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या पंधरा प्रती ग्रंथपालाच्याच वाचनालयात होत्या. सगळ्या कोऱ्या करकरीत.

"जरा सरक बाळा," काका म्हणाले. "गावाची वाट आहे."

"कुठे?"

"तुझ्या हॉलमधून."

त्यांनी भिंतीवर नकाशा धरला. गावातली जनावरं तळ्यावर पाण्याला न्यायची ती पायवाट. तळं बुजवून त्यावर पार्किंग झालं होतं, वीटभट्टीच्या जागी बालवाडी आली होती आणि जनावरांचं काय झालं हे कोणी विचारत नव्हतं. पण पायवाटेची ठिपक्यांची रेघ बरोबर या तळमजल्याच्या दारातून आत शिरत होती आणि मागच्या बाल्कनीच्या दारातून बाहेर पडत होती.

"बिल्डरने नेमकी वाटेवर इमारत बांधली," काका म्हणाले. "पण वाट रद्द केल्याचा कागद कुठेच नाही. मी सगळी दप्तरं पालथी घातलीत. कागद नाही, म्हणजे वाट आहे."

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने दार लावलं असतं. ग्रंथपाल भिडस्त होता. तो म्हणाला, "या ना."

या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं.

बावीस जण आत आले, चपलाबुटांसकट. एकाने पायताण काढायला घेतलं, तर दुसरा म्हणाला, "अहो, वाटेवर चपला काढतात का?" ग्रंथपालाची आई सोफ्यावर होती. घरात इतकी माणसं बघून तिचा चेहरा उजळला. "बसा ना, उभे का?" ती म्हणाली.

"नको आजी, आम्ही रस्त्यात बसत नाही."

रांग बाल्कनीतून पलीकडे उतरली. शेवटचा माणूस जाता जाता थबकला. "अरेच्चा! हा तर समोर बसस्टॉप!"

इमारतीला वळसा घालून बसस्टॉपला जायला नऊ मिनिटं लागत. हॉलमधून दोन. उपनगराला आपल्या इतिहासाबद्दल इतकी वर्षं काहीच वाटत नव्हतं. सात मिनिटं वाचतात म्हटल्यावर त्याला एकदम भरून आलं. सोमवारी सकाळी सव्वाआठला सोसायटीचे सेक्रेटरी बॅग घेऊन हॉलमधून गेले.

"सेक्रेटरीसाहेब, हे घर आहे," ग्रंथपाल म्हणाला.

"घर तुमचंच आहे हो. वारसा सगळ्यांचा आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि बस पकडली.

बुधवारपर्यंत चारही मजले इतिहास जपू लागले. गुरुवारी एक जण सायकल घेऊन आला. शुक्रवारी ग्रंथपालाची बायको आंघोळ करून केस पुसत बाहेर आली, तर समोरून येणारा अनोळखी गृहस्थ म्हणाला, "ताई, डाव्या बाजूने चाला ना."

त्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "हे बघा, एक तर ही वाट जाईल, नाही तर मी जाईन. आणि मी गेले तर पुढच्या दाराने जाईन, बाल्कनीतून नाही."

ग्रंथपाल नगरपालिकेत जाण्याआधी नगरपालिकाच त्याच्याकडे आली. तिथे वारसा विभाग नावाचा एक विभाग होता. त्याला वर्षात निदान एक वारसा जतन करून दाखवायचा होता, आणि उपनगरातले बाकीचे सगळे वारसे बांधकाम विभागाने आधीच पाडून टाकले होते. त्यामुळे वारसा विभागाच्या साहेबांना ही पायवाट बघून गहिवरून आलं. त्यांनी दारावर पाटी ठोकली, 'ऐतिहासिक पायवाट, रुंदी सहा फूट', आणि टेपने हॉल मोजून एक नोटीस दिली.

"ही कोणाला?" ग्रंथपालाने विचारलं.

"सोफ्याला. दीड फूट अतिक्रमण आहे."

"साहेब, ही वाट रद्द करायला काही मार्ग?"

"आहे की. सलग तीस दिवस वापरात नसेल तर आपोआप रद्द होते. पण अडवायची नाही हं. वाट अडवणं गुन्हा आहे. लोकांनी आपणहून चालायचं सोडलं पाहिजे. आणि वापर म्हणजे कोणीही या दारातून त्या दारापर्यंत गेलं तरी वापर. तुम्ही गेलात तरी."

त्याच दिवशी हॉलच्या मधोमध खडूने रेघ आखली गेली. ग्रंथपाल अलीकडे, बायको पलीकडे. ओल्या कपड्यांची बादली तो रेघेपर्यंत आणायचा, तिथून ती उचलून बाल्कनीत न्यायची. घरातल्या घरात नवराबायको एकमेकांना वस्तू सुपूर्द करू लागले.

पण बाकीच्यांचं काय? दार उघडं ठेवायचं आणि कोणी येऊ नये असंही करायचं. ग्रंथपाल डोकं धरून बसला. बायकोने जरा विचार केला आणि सासूबाईंची खुर्ची बरोबर रेघेवर ठेवली.

"आई, येणाऱ्याला तुमच्या गुडघ्यांचं सांगाल का जरा?"

"कोणत्या? डाव्या की उजव्या?"

"दोन्ही सांगा. पहिल्यापासून."

पहिल्या दिवशी चाळीस जण आले. तिसऱ्या दिवशी अकरा. सेक्रेटरींची सलग दोन दिवस बस चुकली; तिसऱ्या दिवशी ते नऊ मिनिटांच्या वाटेने जाताना दिसले, आणि ते पळत होते. सगळ्यांत चिवट निघाले नकाशेकाका. त्यांनी दोन्ही गुडघे ऐकून घेतले, पाठ ऐकली, उलट तारखा विचारल्या. पण पित्ताशयाच्या खड्यापाशी त्यांचाही धीर सुटला. "वहिनी, बाकीचं पुस्तकरूपाने येऊ द्या," म्हणून आले त्याच दाराने ते परत गेले.

त्यानंतर एकोणतीस दिवस पायवाटेवर चिटपाखरू फिरकलं नाही. तिसाव्या दिवशी साहेब पाहणीला आले. पुढच्या दारातून आत शिरले, खाली बघत, पावलं मोजत मोजत हॉल ओलांडला, बाल्कनीच्या दारात उभे राहिले आणि वही उघडली.

"काय लिहिताय साहेब?"

"आजचा वापर. एक."

"कोण गेलं?"

"मी."

"तुम्ही तर वापर नाही हे बघायला आलात!"

"ते कारण झालं. वहीत कारणाचा रकाना नाही," साहेब हळहळून म्हणाले. "वाईट वाटतं हो. एकच दिवस राहिला होता."

ग्रंथपाल वहीत डोकावून रकाना शोधू लागला. बायको मात्र शांत होती, आणि ती शांत झाली की घरात सगळेच जपून असत. ती वीज कार्यालयात तक्रारी घ्यायला बसायची. कोणती तक्रार फाइलीत मरते आणि कोणती वर पोहोचते, हे तिला पाठ होतं.

"साहेब, म्हणजे ही वाट सरकारीच ना?"

"शंभर टक्के."

"मग ती दाराजवळची फुटकी फरशीही तुमचीच."

त्या फरशीसाठी ती नवऱ्याच्या मागे पाच वर्षं लागली होती. आता तिने नगरपालिकेला अर्ज लिहिला. त्यात 'खड्डा' चार वेळा आला, 'दुर्घटना' तीन वेळा आणि 'ज्येष्ठ नागरिक' ओळीआड. चौथ्या दिवशी मुकादम सहा माणसं घेऊन हजर. एक फरशी बदलायची होती, म्हणून त्यांनी दारापासून बाल्कनीपर्यंत सगळी सहा फुटी वाट कंबरभर खोल खणली. दोन्ही टोकांना पाट्या लावल्या: 'काम चालू. रस्ता बंद.'

"पुढचं काम कधी?" ग्रंथपालाने विचारलं.

"सांगता येत नाही," मुकादम म्हणाला. "फरशी यायचीय."

हे उत्तर ऐकून नगरपालिकेच्या इतिहासात प्रथमच एखाद्या नागरिकाच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले.

पुढचे पाच महिने सुखाचे गेले. रस्ता बंद असलेले दिवस वहीत धरत नव्हते, त्यामुळे वाट रद्द झाली नव्हती, पण चालणारंही कोणी नव्हतं. सोफा भिंतीला टेकला, पाय खड्ड्यात सोडून बसायची सोय झाली. स्वयंपाकघरात जायला एक फळी होती, पण ती आडवी होती; उभ्या वाटेशी तिचा काही संबंध नव्हता. रविवारी नवराबायको खड्ड्याच्या दोन काठांवर चहा पीत बसत.

अशाच एका रविवारी मुकादमाचा फोन आला. "साहेब, खूशखबर! फरशी आली. उद्या सकाळी बुजवून टाकतो."

ग्रंथपालाने फोन ठेवला. हातातल्या कपाकडे बघितलं. चहा संपवला, कप सोफ्याच्या लाकडी कडेवर आपटला, तुकडे खड्ड्यात सोडले, वर पायाने माती लोटली आणि नकाशेकाकांना फोन लावला.

"काका, जरा येता का? आमच्या खड्ड्यात खापरं सापडलीत. जुनी वाटतात."

नकाशेकाका बारा मिनिटांत आले. बरोबर एक ब्रश, एक भिंग आणि वारसा विभागाचे साहेब. काकांनी कपाचा कान भिंगाखाली धरला. "इथे वस्ती होती!" ते म्हणाले. साहेबांनी लगेच मुकादमाला फोन करून काम बेमुदत थांबवलं, दारावरच्या दोन्ही पाट्यांखाली तिसरी लावली, 'उत्खनन चालू', आणि खड्ड्याच्या काठावरून तोल सांभाळत निघून गेले. काका एकटेच खाली उतरून ब्रशने माती झटकू लागले. त्यांचा काही आवाज होत नव्हता.

बायको स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आली. कप मोजून तिने नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, सहाचा सेट होता हा."

"राहिलेले पाच जपून ठेव," ग्रंथपाल पेपर उघडत म्हणाला. "वर्षाला एक धरला, तर आई पंच्याहत्तरीची होईपर्यंत बघायला नको."