फुगलेला दगड

चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताने घडवलेली सुरी थोरल्या बहिणीला दिली आणि तिने ती चारचौघांत लगेच कांद्यावर चालवली, तिथून सगळं बिनसलं. कांद्याच्या चकत्या झाल्या, पण सुट्या झाल्या नाहीत. एकमेकींचे हात धरून त्या अख्ख्या माळेसारख्या पाटावरून खाली लोंबू लागल्या.

"अरे, ही कांदा चिरत नाहीये," ताई म्हणाली, "नुसती समजूत घालतेय त्याची."

सगळे हसले. चष्मेवाल्याची बायको जरा जास्तच हसली. ताईचं नवं उपाहारगृह सोमवारी सुरू व्हायचं होतं आणि तिथली पहिली सुरी आपल्या हातची असणार, हे चष्मेवाल्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गेला महिनाभर ऐकवलं होतं.

"रविवारपर्यंत दुसरी करून देतो," तो म्हणाला. "दोष माझा नाही, मशीनचा आहे."

मशीन म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या खोलीतला ग्राइंडर. त्यावर खरखरीत कागदाचा अखंड पट्टा गरागरा फिरतो आणि पट्ट्यामागे टेकू म्हणून एक पोलादी प्लेट असते. पातं पट्ट्यावर दाबायचं, की ते प्लेटइतकंच सपाट घासलं जातं. म्हणजे जायला हवं. चष्मेवाल्याने प्लेट काढली, डोळ्यांपुढे धरली, मान तिरपी करून तिच्याकडे पाहिलं आणि त्याला हवा तो गुन्हेगार सापडला. प्लेट मधोमध फुगली होती.

"बघ," त्याने बायकोला बोलावलं. "पोट आलंय."

"मला तर सरळ दिसतेय."

"तुझी नजर तयार नाही. मी तीस वर्षं काचा घासतोय."

बायको आत निघून गेली. तिला फोडणी करायची होती.

पोलादापेक्षा काच सपाट, हे चष्मेवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने दुकानातल्या शोकेसचा एक खण काढला, त्याची पट्टी कापली आणि दोन नळ्यांचा चिकटवायचा मसाला कालवून प्लेटवर बसवली. मसाला वाळायला एक दिवस लागतो असं नळीवर लिहिलेलं होतं. चष्मेवाल्याने एक तास दिला. मशीन सुरू केल्यावर पातं तापलं, काच तापली, मसाला पाघळला आणि काचेची पट्टी पट्ट्याबरोबर खाली सरकून फरशीवर फुटली. त्याआधी तिच्याकडे एकदा तिरपं बघून घ्यायला त्याला वेळ मिळाला होता. तीही फुगली होती.

"उष्णतेने," त्याने निदान केलं.

शोकेसच्या रिकाम्या खणातल्या फ्रेमा त्याने खालच्या खणात कोंबल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो ओट्याचे दगड कापणाऱ्या कारागिराकडे गेला. कारागिराने गुळगुळीत काळ्या दगडाची हवी तशी पट्टी कापून दिली, बोल्टसाठी भोकंही पाडून दिली. चष्मेवाल्याने ती घरी आणून बसवली, मान तिरपी करून पाहिली आणि तसाच उलट पावली परत गेला.

"तुमचा दगड फुगलाय."

कारागिराने हातातलं काम बाजूला ठेवलं. "साहेब, पाव फुगतो. दगड नाही फुगत."

"मी बघितलं ना."

"मग बघू नका," कारागीर शांतपणे म्हणाला आणि त्याने आपलं मशीन सुरू केलं. त्या आवाजात पुढची चर्चा शक्य नव्हती.

दगडाचा उपाय संपला, तेव्हा चष्मेवाल्याने हाताचा विचार केला. प्लेट कशीही असो, पातं जर घट्ट धरून एका रेषेत सरकवलं तर? त्याने काटकोनात वाकवलेला एक लोखंडी कोन घेतला, त्याला एक सरकती पट्टी जोडली आणि पातं चिकटून राहावं म्हणून जुन्या स्पीकरमधले दोन जाडजूड लोहचुंबक काढले. पहिला चुंबक कोनावर बसला. दुसरा बसवायला जाताच तो हातातून उडाला आणि पहिल्याला जाऊन चिकटला. मध्ये चष्मेवाल्याच्या करंगळीचं नख होतं. त्याची आरोळी ऐकून बायको धावत आली.

"सुरी झाली का?" तिने विचारलं.

"होतेय."

शनिवारी सकाळी सुजलेली करंगळी घेऊन तो दुकानात गेला. दुसरा चुंबक एप्रनच्या वरच्या खिशात राहिलाय, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. पहिल्या गिऱ्हाइकाची फ्रेम सैल होती. त्याने दोन्ही स्क्रू काढून ट्रेमध्ये ठेवले, काच पुसायला जरा पुढे वाकला आणि सरळ होऊन बघतो तर स्क्रू नाहीत. ट्रेमधले सुटे स्क्रूही नाहीत. त्याने टेबल शोधलं, खाली फरशी शोधली. मग गिऱ्हाइकाने स्वतःच बोट दाखवलं. एप्रनच्या खिशावर वीस-पंचवीस चिमुकले स्क्रू चिलटांसारखे बसले होते.

"चुंबक?" गिऱ्हाईक म्हणालं. सत्तरीचे, बारीक अंगाचे काका होते. त्यांच्या फ्रेमचे तिन्ही भाग टेबलावर वेगवेगळे पडलेले होते.

"मशीनचा आहे," चष्मेवाला ओशाळून म्हणाला. "घरी ग्राइंडर आहे. प्लेट फुगलीय."

काकांचे डोळे चमकले. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यात पोलाद सपाट करण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काहीच विचारत नव्हतं. "चष्मा राहू दे," ते म्हणाले. "आधी प्लेट दाखवा."

दुकान ऐन सकाळी बंद झालं. पत्र्याच्या खोलीत काकांनी खिशातून एक छोटी पोलादी पट्टी काढली, दगडावर उभी धरली आणि फटीतून उजेड येतोय का ते डोळे बारीक करत पाहिलं. उजेड येत नव्हता. मग भंगाराच्या डब्यातून मूळची पोलादी प्लेट उचलली. तिथेही नाही.

"दोन्ही सरळ आहेत," काका म्हणाले. "तुम्ही पट्टी लावून बघितलंत?"

"पट्टी कशाला? नजर आहे ना."

काका त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "तुमचा चष्मा काढा जरा. आता बघा."

चष्मेवाल्याने चष्मा काढला. दगड धूसर झाला, पण सरळ झाला. चष्मा लावला. दगडाला पोट आलं. काढला, पोट गेलं. त्याने हे सात-आठ वेळा केलं. दारात उभ्या असलेल्या बायकोने मोजलं, असं ती नंतर म्हणाली.

"केव्हाचा आहे हा?" काकांनी विचारलं.

"झाली असतील... आठ वर्षं."

"आणि गिऱ्हाइकांना काय सांगता?"

"दर दोन वर्षांनी डोळे तपासा," चष्मेवाला पुटपुटला.

म्हणजे पातं पहिल्यापासून सपाटच होत होतं. त्याला ते फुगलेलं दिसायचं, म्हणून तो मधोमध जास्त दाबायचा, आणि स्वतःच्या हाताने तिथे खड्डा पाडायचा; तेवढी धार पाटाला टेकायचीच नाही. काच विनाकारण फुटली होती. कारागिराला आता तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. करंगळी ठणकत होतीच.

रविवारी काका डबा घेऊनच आले. चष्मेवाल्याने चष्मा बाजूला ठेवला आणि बोटांनी चाचपत, दर चार घासण्यांनंतर पट्टी लावून पातं घासलं. काका शेजारी उभे राहून "सोडा... आता सोडा... अहो सोडा!" म्हणत होते. संध्याकाळी ताईने कांदा घेतला. चकत्या सुट्या, कागदासारख्या पडल्या. तिने दुसरा कांदा घेतला, मग तिसरा. सुरी उलटीपालटी करून पाहिली.

"छान आहे रे," ती म्हणाली. "कुठून विकत आणलीस?"

चष्मेवाल्याने खुलासा केला नाही. काकांना मात्र करायचा होता, म्हणून त्यांना त्याने लगबगीने चहा दिला.

पुढच्या आठवड्यात तो बस पकडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या चष्म्याच्या दुकानातल्या तरुण बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, अक्षरं वाचायला लावली, काचा बदलल्या, पुन्हा वाचायला लावली. मग त्याचा जुना चष्मा उजेडात धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"साहेब, नंबर तर बदललाच आहे, पण हा बसवलाही चुकीचा होता. काचांचा मध्य बुबुळासमोर यायला हवा, तो तिथे आलाच नाहीये. आतापर्यंत कुणाकडे करत होता चष्मा?"

चष्मेवाला खुर्चीत सावरून बसला.

"होता एक," तो म्हणाला. "त्याच्याकडे जायचं सोडलंय आता."