देवराव सरांचा लुडो

देवराव सर लुडोच्या फाशाशी उर्दूत बोलत. "आइए जनाब, छे लेकर आइए," असं अदबीनं म्हणून मगच फासा टाकत. मराठीत का नाही बोलत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "हैद्राबादचा माल हाय सर तो. त्याले मराठी काऊन समजंल?"

मी निर्मलहून बदली होऊन वांकिडीच्या शाळेत आलो, तेव्हा सर तिथे भूगोल शिकवत. सकाळी कपाशीच्या शेताला चक्कर, मग शाळा, आणि रविवारी दुपारी ओसरीवर लुडो. खेळाला एक गडी कमी पडत होता म्हणून मला पहिल्याच आठवड्यात धरून नेलं. हिरव्या गोट्या सरांच्या. त्यांना दुसऱ्या कोणी हात लावला तर खेळ सुरूच होत नसे.

सरांचं एक शास्त्र होतं. एकच गोटी घेऊन पळत सुटायचं नाही. दोन गोट्या आसपास ठेवायच्या. आणि दुश्मनाच्या पुढं कधी जायचं नाही. "त्याच्या मांगं राहा ना सर. मांगून सहा घरं आपली. पुढं गेलात का तुमी त्याचे." हे ते शांतपणे समजावत आणि समजावता समजावता माझी गोटी मारत. एकेका चालीला इतका विचार करत की चहावर साय धरे. त्यांच्या पत्नी, कौसल्याबाई, कधी खेळायला बसल्या नाहीत. "यायच्या संगं खेळण्यापरीस कापूस वेचलेला बरा," म्हणत.

एकदा तपासणीला आलेले साहेब बस चुकल्यामुळे ओसरीवर येऊन बसले आणि हौसेनं खेळले. त्यांची शेवटची गोटी घराच्या तोंडाशी आली. ती मारू नका, असं हेडमास्तर देवराव सरांना डोळ्यांनी खुणावत होते. सरांनी गोटी मारली. "साहेब शाळेत," ते म्हणाले, "इथं ते पिवळ्या गोट्या हायत."

शेजारचं घर सरांच्या थोरल्या भावाचं, नामदेवदादांचं. दोघांत बोलणं नव्हतं. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरचं बोरीचं झाड दादांनी न विचारता तोडलं, एवढंच कारण. ओसरीवरून दादांचं अंगण दिसायचं, म्हणून सर तिकडं पाठ करून बसत.

मग दादांना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. कौसल्याबाई रोज भाकरी घेऊन जाऊ लागल्या. सर गेले नाहीत. खेळ मात्र बिघडला. एका रविवारी त्यांनी चक्क माझ्या गोटीच्या पुढं गोटी नेऊन ठेवली आणि मी ती मारली.

पुढच्या रविवारी ओसरी रिकामी. कौसल्याबाईंनी शेजारी बोट दाखवलं.

दादांच्या बाजेवर लुडो पसरला होता. सर पायथ्याशी बसून दोघांचा फासा टाकत होते. दादांचं दान पडलं की एकेका गोटीवर बोट ठेवून विचारत, "हे? का हे?" दादा मान हलवत. दादांना एकच गोटी पळवायची होती.

"मरशील ना दादा. मी मांगंच उभा हाय."

दादांनी पुन्हा तशीच मान हलवली. सरांनी गोटी पुढं नेली. मग स्वतःचा फासा टाकला. तीन पडले. बरोबर तिसऱ्या घरात दादांची गोटी.

मला वाटलं, आता सर दुसरी गोटी चालवतील. त्यांनी दादांची गोटी मारली आणि उचलून परत सुरुवातीच्या घरात नेऊन ठेवली.

दादांच्या तोंडाची एक बाजू हलली. घशातून खरखर निघाली. मला ते हसू आहे हे कळायला वेळ लागला. डाव्या हातानं ते बाजेवर थापा मारत होते.

सरांनी त्या डाव्या तळव्यात फासा ठेवला, बोटं मिटवली आणि आपल्या हातानं दादांचा हात पटावर पालथा केला.

मी जवळ जाऊन म्हणालो, "येता ना सर? तिकडं गडी येतील आता."

त्यांनी वर पाहिलं नाही. "आज तुमीच खेळा," म्हणाले, "आमचं बोलणं चालू हाय."