आवाज आला का?

मला कोलकात्यात खोली मिळाली, कारण एका चित्राने होकार दिला.

झालं असं, की न्यू टाउनच्या कंपनीत नोकरी लागली आणि ओळखीच्या ओळखीतून लेले काकांचा पत्ता मिळाला. काका बँकेतले. बदलीवर इथे आले, इथेच रिटायर झाले आणि इथेच राहिले. बेल वाजवली, दार उघडलं. समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. तुम्हीही पाहिलं असेल, जगभर गाजलेलं आहे. टकला, चष्मेवाला शेतकरी, हातात दाताळं, शेजारी आंबट तोंडाची बाई. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चित्राशेजारी उभे राहिले आणि शेतकऱ्याचा घोगरा आवाज काढून म्हणाले, "मुलगा कुठला म्हणे?"

आता मी हिंगोलीचा. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात 'आज शाळा सुटली' म्हणून ओरडलो होतो आणि तीन वर्ग खरंच घरी गेले होते. असा चान्स मी सोडतो होय? त्या बाईचा नाकातला आवाज काढला. "हिंगोलीकडचा दिसतोय हो. चपला बाहेर काढल्यात, म्हणजे वळण आहे. पण आंघोळीला पाणी फार लागेल याला."

काका गर्रकन वळले. चेहरा असा, जणू हरवलेला भाऊ जत्रेत सापडला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आवाज आला का?"

आतून कुणीतरी खुदकन हसलं आणि एका बाईचा आवाज आला, "पातेलं."

मला वाटलं, चहा टाकायला सांगतायत. मी म्हटलं, "नको नको, चहा घेऊनच आलोय."

चहाचा काही संबंध नव्हता. काकांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण बोलणं गेलं. सगळं कळायचं, हसायच्या, रागवायच्या, पण तोंडातून एकच शब्द यायचा. भूक लागली तरी पातेलं, टीव्ही बंद करा तरी पातेलं. काकांवर चिडल्या की "पातेलं, पातेलं, पातेलं!" असा तोफखाना. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी यायच्या. त्यांनी काकांना सक्त ताकीद दिली होती, "त्यांचा शब्द तुम्ही पुरवायचा नाही. कितीही वेळ लागू दे, थांबायचं."

आणि थांबणं हा काकांचा प्रांतच नाही. हा माणूस लिफ्टमध्ये अनोळखी माणसाचं वाक्य पूर्ण करतो.

घरभर चित्रं. एस्प्लनेडच्या फुटपाथवरून आणलेल्या छापील प्रती, काकांनी स्वतः फ्रेम केलेल्या. आणि प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते काकांना पाठ. "ऐक, हा काय म्हणतोय," म्हणायचं आणि सुरू. ती हाताची घडी घालून गालात हसणारी बाई आहे ना, जिच्या हसण्यावर विद्वान लोक भांडतात? काकांच्या मते तिच्या दातात पेरूची बी अडकलीय. "अहो चित्रकार, आटपा हो, जीभ दुखायला लागली." मोत्याचा डूल घातलेली, मान वळवून बघणारी मुलगी? "आई, दुसरा डूल कुठे ठेवलास गं?" एका लांब टेबलाच्या एकाच बाजूला सगळी पंगत बसलीय, ते चित्र? त्यातला टोकाचा दाढीवाला म्हणतो, "वाढपी मधूनच परत गेला, आमटी इथवर आलीच नाही." आणि तो पुलावर गालाला हात लावून किंचाळणारा? तो सोफ्याच्या वर. "अगं, गॅस चालू राहिला!"

बायकांचे आवाज काका माझ्याकडून करून घेत. "तुझा गळा बारीक आहे हिंगोलीकर, डूलवाली तू घे." आठवड्याभरात भिंतीवरचं अर्धं गाव माझ्या वाट्याला आलं.

मला वाटायचं, म्हातारा मजेशीर आहे, थोडा सटकलेला आहे. मग एक गोष्ट लक्षात आली. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, डोळे मिटले, शब्द शोधायला लागल्या, की काका उठायचे. काकूंकडे पाठ करायचे, जवळचं चित्र गाठायचे आणि त्या चित्रातल्या माणसाच्या कानात बोलल्यासारखं पुटपुटायचे. काकूंचं "पातेलं" आलं, की परत येऊन बसायचे. मी एकदा कान देऊन ऐकलं. किंचाळणारा माणूस हळू आवाजात म्हणत होता, "पाणी हवंय का? पंखा कमी करू का? शाल हवी का?"

जानेवारीत काकूंनी कॅलेंडरवर संक्रांतीच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि हळदीकुंकवाचं तबक काढून टेबलावर आपटलं. "पातेलं." काकांनी समजावलं, "अगं, बायका येणार, बोलणार, तुला त्रास होईल." तबक दुसऱ्यांदा आपटलं. विषय संपला.

दुपारी आम्ही दोघं लाडू वळत बसलो. इथे चिक्कीचा गूळ मिळाला नाही म्हणून खजुराचा घेतलेला, तो हाताला चिकटत होता. मी सारखा भिंतीकडे बघतोय, आता कुणीतरी बोलेल, पण कुणी बोलेना.

"त्या बायका उखाणा घ्यायला लावतील रे," काका म्हणाले.

"मग?"

"लग्नापासून आमची ही मला 'अहो' म्हणते. नाव वर्षातून एकदा, संक्रांतीच्या उखाण्यात. इथे आलो त्या वर्षी तिने स्वतः जुळवला, तेव्हापासून तोच घेते. हुगळीच्या घाटावर लागली होडी, विनायकरावांच्या बोलण्याला तिळगुळाची गोडी." लाडू त्यांच्या हातात चेपला. "गेल्या वर्षीची संक्रांत हॉस्पिटलात गेली. या वर्षी नाही आलं, तर मी समजायचं काय?"

मी तो लाडू त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा वळायला लागलो.

संध्याकाळी बायका आल्या. बँकवाल्या, फोर्ट विल्यममधल्या फौजींच्या बायका, खालच्या मजल्यावरच्या बंगाली शोमा बउदी, म्हणजे शोमा वहिनीसुद्धा. हॉलमध्ये पुरुषांना बंदी, म्हणून काका आणि मी स्वयंपाकघरात, चहावर. मधे फक्त एक पडदा. बोर्डे वहिनींच्या हातात सगळी सूत्रं. या बाई लग्नात माइक हातात आला की जेवणं थंड करतात. एकेकीचा उखाणा सुरू झाला. नाव आलं की "अय्या!" आणि हशा. काका आलं किसत होते. प्रत्येक हशाला किसणी थांबायची.

"आता यजमानीणबाई!" बोर्डे वहिनी ओरडल्या.

हॉल गार झाला. कुणीतरी कुजबुजलं, "अहो, त्यांना कशाला..."

काकांनी सवयीने भिंतीकडे वळून चित्र शोधलं. स्वयंपाकघरात चित्र कुठलं? गॅस एजन्सीचं कॅलेंडर होतं, त्यावर बर्फाचा डोंगर. काका त्याच्यासमोर उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं.

"यात माणूसच नाही रे," ते मला म्हणाले.

बाहेरून काकूंचा आवाज आला. "अं... पा..." मग नुसता श्वास. तबकातली वाटी हलली. बांगड्या वाजल्या. पुन्हा, "अं..."

बोर्डे वहिनींना ती शांतता झेपेना. "अगोबाई, त्यात काय एवढं! तो आत मुलगा आहे ना, आवाज काढणारा? ए हिंगोली, ये रे बाळा बाहेर. काकूंच्या आवाजात घे नाव, म्हणजे झालं!" सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "हो हो, बोलवा त्याला!"

काकूंचा आवाज मला येतो. एका शब्दावरून जेवढा शिकता येईल तेवढा. उखाणा दुपारीच कानावर पडलेला. मी घसा साफ केला, पडद्याला हात घातला आणि मागून माझी कॉलर ओढली गेली.

"ती चित्र नाहीये," काका म्हणाले.

ना घोगरा, ना नाकातला. इतक्या महिन्यांत काकांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. फारच बारीक होता.

मी पडदा सोडला. कुणीच बाहेर जाईना, तेव्हा हॉलमधली कुजबुजही थांबली. चहाला कढ यायला लागला. काकांचे ओठ हलायला लागले, 'हुगळीच्या' म्हणून. त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं आणि त्याचं टोक दातात धरलं.

"हुगळीच्या," बाहेरून आलं.

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"हुगळीच्या घाटावर... लागली होडी..." काकू म्हणत होत्या. सावकाश, पण सुरात, शाळेतली पोरगी पाढे म्हणते तसं. मग थांबल्या. आता नाव. काकांनी डोळे घट्ट मिटले. फडकं दातात. बाहेर शोमा बउदी "बोलो, बोलो" म्हणायला लागल्या, त्यांना कुणीतरी गप्प केलं. वाटी हलली. श्वास ऐकू आला. पुन्हा श्वास. आणि मग एका दमात,

"पातेलं... रावांच्या बोलण्याला तिळगुळाची गोडी!"

कुणी हसलं नाही. हसावं की रडावं, कुणाला ठरवता येईना. पडद्याच्या फटीतून मला काकू दिसल्या. चूक झाली हे त्यांना कळलं होतं. तोंडावर हात गेला होता.

काकांनी दातातलं फडकं काढलं.

"ओ!" स्वयंपाकघरातून त्यांनी खणखणीत ओ दिली. "आलो गं!"

आधी काकू हसल्या. मग हॉल फुटला. बोर्डे वहिनी डोळे पुसत "नाव घेतलं हो, नाव घेतलं" म्हणून ओरडायला लागल्या.

इकडे चहा उतू चालला होता. किंचाळणाऱ्या माणसाचं वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि गुपचूप गॅस बंद केला. काका 'आलो' म्हणाले खरे, पण गेले नव्हते. पडद्याकडे तोंड करून तिथेच उभे होते, परत हाक आली तर ऐकू यावी म्हणून.