जागरणाच्या गोळ्या आणि मेश्राम सिस्टर

मेश्राम सिस्टर भेटल्या की नमस्कार करायचा नसे, मनगट पुढे करायचं असे. नाही केलं तर त्या स्वतः धरत. भाजीवाला, पोस्टमन, मत मागायला आलेला उमेदवार, कोणाचीच सुटका नव्हती. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजत आणि मग जे ऐकवत, ते माणसाला त्याच्या सख्ख्या बापानेही ऐकवलेलं नसे.

"सत्त्याण्णव! काय खाऊन राहिला बे तू?"

उमेदवार हसून म्हणाला, "माताजी, बस आपका आशीर्वाद चाहिए."

"आशीर्वाद मंग घेजो. आधी तो गुटखा थूक."

रेल्वेच्या दवाखान्यात आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. रायपूरजवळच्या बीरगांवात आमच्या शेजारी एकट्याच राहत. बीरगांव म्हणजे कारखान्यांच्या कामगारांची वस्ती. पाळी सुटायच्या वेळेला सिस्टर चौकातल्या पानठेल्याजवळ उभ्या राहत आणि डबल ड्युटी करणाऱ्या पोट्ट्यांचे डोळे तपासत. झोप येऊ नये म्हणून ही पोरं पांढऱ्या गोळ्या खात. चौकातला एक मेडिकलवाला त्या चिठ्ठीशिवाय विकत असे. एके दिवशी सिस्टर थेट त्याच्या दुकानात शिरल्या आणि काउंटरवरून वाकून त्याचंच मनगट धरलं.

"एकशे दहा! गोळी गिऱ्हाईक खाते आणि नाडी तुयी पळते. काहून?"

त्या दिवशी त्याने शटर लवकर ओढलं. लोक हसले. मीही हसलो. माझ्या खिशात तेव्हा त्याच गोळ्यांची पट्टी होती.

राज्य नवं झालं होतं. भोपाळहून आम्हा सरकारी कारकुनांना नव्या राजधानीत, रायपूरला पाठवलं तेव्हा खुर्च्या कमी आणि फायली जास्त होत्या. आमच्या साहेबांचं एकच पालुपद होतं, "नया राज्य है, काम रुकना नहीं चाहिए." कामाचा ढीग उपसताना मान खाली पडायला लागली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या तिवारीने पट्टी सरकवली. "ले लो भैया, दिमाग खुल जाएगा."

आणि खरंच उघडलं! तेच तर वाईट. पहिल्या दिवशी मी तीन दिवसांचं काम एका दिवसात केलं. भूक नाही, कंटाळा नाही. वाटलं, इतकी वर्षं मी उगाच झोपत होतो. महिन्याभरात एका गोळीचं काही वाटेना, म्हणून दोन झाल्या. तोंड कोरडं पडायचं, दात आपोआप आवळले जायचे, बोटं थरथरायची. एकच टिपण मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा वेगळं लिहिलं. चपराशी माझ्या फायली लपवतो अशी माझी खात्री झाली. गोळी उतरली की इतकं रिकामं वाटायचं, की बायकोने, सुनंदाने, "चहा घेता का?" विचारलं तरी रडू यायचं. रडू यायला नको म्हणून मी तिच्यावर ओरडायचो.

सिस्टरांना मी टाळत होतो. पण एका सकाळी फाटकाशी गाठ पडलीच. त्यांनी मनगट धरलं आणि पहिल्यांदाच, मिनिट पूर्ण होण्याआधी सोडलं.

"काढ."

"काय सिस्टर?"

"खिशातलं काढ. मले शिकवतं काय?"

मी पट्टी दिली. त्यांनी ती नालीत फेकली आणि सगळ्या गल्लीसमोर सुरू झाल्या. "बैल बसला म्हणून तुतारीची आर टोचली, त बैल उठते. पण तुतारी टोचनं म्हणजे चारा देनं होय का रे? डोक्यात खुशीचा रस थेंब थेंब सुटाले पाहिजे. ही गोळी सारी घागर एकाच वक्ती उलटी करते. मंग दुसऱ्या दिवशी तू कोरडा. वरून नसा आवळते, बीपी चढवते, दिल पळवते. आन् थकवा कुठी गेला? कुठीच नाही. आतच बसला आहे, तुले दिसून नाही राहिला फक्त!"

मला संताप आला. "माझ्या भानगडीत तुम्ही पडायचं काम नाही," असं काहीतरी म्हणालो आणि तरातरा निघालो. नव्या पट्टीसाठी मेडिकलकडे वळायचं होतं. चौकापर्यंतही पोचलो नाही. छातीत ढोल वाजायला लागला, डोळ्यांपुढे पिवळं झालं, आणि मी पानठेल्याच्या बाकाला धरून खाली बसलो.

ऑटोत मला घालणाऱ्या सिस्टरच होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांनी माझ्या पोटात काय गेलंय ते सांगितलं. तीन दिवसांनी, ठोके ठिकाणावर आल्यावर घरी सोडलं, ते महिनाभर सक्त विश्रांतीच्या बोलीवर. मी नुसता झोपत होतो. सिस्टर रोज सकाळपासून माझ्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसत आणि गल्लीत मोठ्याने बोलणाऱ्यांवर त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दुपारी दारात जीप थांबली. साहेबांनी तिवारीला पाठवलं होतं. एक फाइल फक्त मलाच समजत होती.

"बस एक घंटे के लिए, माताजी. नया राज्य है, काम रुक गया है."

सिस्टर दारात आडव्या झाल्या. "राज्य चार दिवस थांबते बाप्पा. ह्याचं दिल थांबलं त मंग कोनता साहेब चालू करते? तू करशील? गोळी तूच दिली न? इकडे ये, हात दाखव!"

तिवारी जीपमध्ये जाऊन बसला. जीप दिसेनाशी झाल्यावरच सिस्टर दारातून हलल्या. खुर्चीत येऊन बसल्या. सुनंदाने पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

मी म्हणालो, "सिस्टर, माझ्यासाठी एवढा राग कशाला करता? तुमचं बीपी वाढेल."

 त्या खिडकीकडे बघत, मी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमचे हे कारखान्यातच होते. डबल ड्युटी करत. म्हने, डोळा लागते, मशीनवर हात जाईन एखाद्या दिवशी. दवाखान्यातून मीच आनून दिली गोळी. मले वाटलं, हात तरी वाचन." त्यांनी पदराने ग्लास पुसला. "हात वाचला. दोन वर्षं मी देत गेली, ते खात गेले. एक दिवस सकाळी मी चहा ठेवला, आन् हे उठलेच नाही."

सुनंदाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा."

"मी नर्स होती न वो. मले सारं माहीत होतं." त्या थांबल्या. "मांगत होते, मी देत होती. त्यायले मी एक डाव बी ओरडली नाही."

असं म्हणून त्या उठल्या आणि दाराशी वाकून चपला चाचपू लागल्या. चपला त्यांच्या समोरच होत्या.