आवळलेला स्क्रू

रसूलचाचांना आयुष्यात एकच गोष्ट खपत नसे, ती म्हणजे ढिला स्क्रू. एसटीच्या आगारात पस्तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. कुणाकडे चहाला गेले आणि टेबल जरा डुगडुगलं, की यांच्या खिशातून पेचकस बाहेर. यजमान कपबशा घेऊन येईपर्यंत पाहुणा टेबलाखाली. बायको फरिदाबी होत्या तोवर त्या हाताला धरून ओढून काढायच्या, "उठा हो, लोकाच्या घरात हाय आपुन!" त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा कलीम तिकडे ऑस्ट्रियात. येडशीच्या त्या घरातले सगळे स्क्रू आता आवळून झाले होते, आणि दिवस तर अजून अर्धासुद्धा संपलेला नसायचा.

कलीम बर्फावरून घसरायच्या फळ्यांच्या कारखान्यात इंजिनियर होता. माणसं धडधाकट असताना पैसे भरून डोंगरावरून घसरतात, हे ऐकूनच चाचांनी कपाळावर हात मारला होता. त्यात कलीमनं दोन वर्षं खपून नवा खटका बनवला. तो बुटाला फळीवर घट्ट धरून ठेवी, पण माणूस वेडावाकडा पडला की टाचेकडून बाजूला सुटे, म्हणजे गुडघा पिरगळत नसे. मोठ्या हौसेनं त्यानं फोनवर विचारलं, "आब्बा, तुम्हाला कसं वाटतं?"

"धरायची वस्तू सोडाया लागली तर ती वस्तू कसली?" चाचा म्हणाले. "उद्या म्हणशील, चाक आपोआप निखळतंय म्हणून गाडी लई सेफ हाय."

मग कलीम म्हणाला, "इथले जुने इंजिनियरपण हेच म्हणतात," आणि त्यानं फोन ठेवला.

त्याला पंधरा दिवस झाले. शुक्रवारी नमाजानंतर हमखास येणारा फोन दोन्ही शुक्रवारी आला नाही. चाचांनी चार्जर तीनदा उघडून तपासला. चार्जरमध्ये काही बिघाड नव्हता. बिघाड आपल्या तोंडात होता हे त्यांना कळत होतं, पण आपणहून फोन करायचा तर काय बोलायचं, ते काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात सोलापूरच्या झुबेरनं, कलीमच्या मित्रानं, एक लांबलचक खोकं आणून दिलं. ते भांडणाच्या आधीच निघालेलं होतं. आत चाचांच्याही डोक्यावर जातील अशा दोन फळ्या, त्यांवर ते नवे खटके, कलीमचे जुने बूट आणि एक चिठ्ठी. 'आब्बा, पायात घालू नका. नुसतं हाताळून बघा आणि सांगा, मेकॅनिक म्हणून.'

ते 'मेकॅनिक म्हणून' चाचांनी चार वेळा वाचलं. बोलायला विषय मिळाला होता. उद्या सकाळी नीट तपासायचं आणि दुपारी आपणच फोन लावायचा, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात फळ्या मांडून ते तपासायला बसले. प्रत्येक फळीवर पुढे-मागे दोन खटके, प्रत्येक खटक्याला एक स्क्रू, स्क्रूजवळ बारीक खिडकी आणि खिडकीत दहापर्यंतचे आकडे. काटा होता तीनवर.

"कारखान्यातनं निघालेली वस्तू आन् तीनवर?" चाचा कळवळले. "पोरगं लई शिकलं, पर आवळायचं न्हाय शिकलं."

पेचकस खिशात होताच. चारही स्क्रू त्यांनी दहापर्यंत आवळले, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. आता आवळलंच आहे तर धरतंय का बघायला नको? बापलेकाच्या पायाचं माप एकच. अर्धा तास झटापट करून बूट चढले. मग चाचा फळ्यांवर उभे राहिले आणि टाच जोरात दाबली. खट्. दुसरी. खट्. काय ती पकड! "वा!" म्हणत त्यांनी सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

मग उतरायचं ठरवलं आणि पंचाईत सुरू झाली. टाचेमागचा खटका दाबायला वाकावं, तर लोखंडासारखा ताठ बूट आणि त्याहून ताठ गुडघा. छत्रीच्या टोकानं दाबून पाहिलं, तर छत्री मोडली. बुटाची बकलं सोडून पाय ओढला, तर गुडघ्यातून अशी कळ आली की पुन्हा बूट लावून घेतला. फोन आत कोनाड्यात. तिकडे वळायला गेले तर फळीवर फळी चढली आणि चाचा पितळी घागरींवर जाऊन आदळले.

शेजारच्या गिरिजाबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. "काय पडलं, रसूलभाई? आगं बाई! पायाला काय बांधलंय ह्ये?"

"बर्फावरची गाडी हाय."

"येडशीत?"

दाराला आतून कडी होती. गिरिजाबाईंनी वेल्डिंगवाल्या शिवकुमारला बोलावलं. त्यानं भिंतीवरून उडी मारून कडी काढली, चाचांना उभं केलं, आणि दार उघडं राहिलं. मग काय, आधी शेजारचे आले, मग गल्लीतले, मग ज्यांना कुणी बोलावलंही नव्हतं ते. निवृत्त पोस्टमन बसप्पा आले आणि येताच त्यांनी ताबा घेतला.

"खोबऱ्याचं तेल सोडा. न्हायतर गरम पानी. न्हायतर शिवकुमार, तुझं कटर आण, मधनंच कापू."

"हात लावायचा न्हाय!" चाचा ओरडले. "माझ्या पोराचं काम हाय त्ये!"

तोवर गिरिजाबाई आत जाऊन चहाला लागल्या होत्या. "रसूलभाई, साखर कुठं ठिवता?" त्यांनी आतून विचारलं. या घरात हा प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. खाटेवर माणसं, उंबऱ्यावर माणसं, बसप्पा विहिरीत पडलेल्या बैलाची हकिगत सांगतायत, आणि मधोमध नवरदेवासारखे उभे चाचा. गुडघा ठणकत होता, पण मन अगदी भरून आलं होतं.

शिवकुमारनं पहार घेऊन डाव्या टाचेमागचा खटका जोर लावून दाबला आणि तेवढ्यात चहा आला म्हणून तो कप घ्यायला वळला. चाचांच्या पायाला कळलं, टाच सुटली होती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. आता 'सुटलो' म्हटलं की चहा पिऊन सगळे उठणार. चाचांनी हळूच टाच दाबली. खट्.

"न्हाय सुटत रे," ते म्हणाले. "लई घट्ट हाय."

"मंग बूट सोडवून पाय काढू की," कुणीतरी म्हणालं.

"गुडगा! गुडगा!" चाचा कळ येण्याआधीच विव्हळले.

दुसऱ्यांदा चहा झाला. तेवढ्यात शिवकुमारला अक्कल सुचली. त्यानं कोनाड्यातला फोन घेऊन सरळ कलीमला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर झोपेतून उठलेला कलीम आणि इकडे पंधरा डोकी.

"कलीम, तुझं मशीन फेल हाय!" बसप्पा फोनमध्ये तोंड घालून ओरडले. "तुझे आब्बा सकाळधरनं अडकून पडलेत!"

"आब्बा! पडलात का? टाचेमागचा खटका दाबला?"

"दाबला."

"आणि सुटलं नाही?"

चाचांनी अंगणभर नजर फिरवली. फरिदाबींचे चौदा कप माणसांच्या हातात होते. "न्हाय," ते म्हणाले.

कलीमनं चष्मा काढला. "मग इथले लोक या खटक्यावर भरवसा नाही म्हणतात, ते बरोबरच. परवा बैठक आहे. सांगतो त्यांना, माझंच चुकलं." त्याचा आवाज लहानपणी नापास झाल्यावर यायचा तसा आला.

तासभर माणसं घरात राहावीत म्हणून आपण पोराच्या दोन वर्षांवर पाणी सोडतोय, हे चाचांना लख्ख दिसलं.

"थांब! फोन ठिवू नगंस. तुझं न्हाय चुकलं. स्क्रू म्या आवळले."

"किती?"

"दहा."

"आब्बा!"

"मेकॅनिक म्हणून," चाचा पुटपुटले. "आन् मघा सुटलं बी हुतं. म्याच परत लावलं."

गिरिजाबाई चहाचं पातेलं हातात धरून चाचांकडे बघत राहिल्या.

"शिवकुमार, घे पेचकस. तीनवर आण समदे. आन् गाद्या टाका हिथं."

"आब्बा, नको! या वयात काही..."

"तू गप. टेस्ट हाय ही." गाद्या पडल्या. चाचांनी 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि उजवीकडे वेडंवाकडं अंग टाकलं. खटाक! एक फळी इकडे, एक तिकडे, आणि चाचा गाद्यांवर पालथे.

"गुडघा?" फोनमधून आवाज आला.

चाचांनी पाय हलवून पाहिला. "हाय तसाच. आधीसारखाच दुखतोय." मग त्यांनी फोन हातात घेतला. "जवर धराया पायजे तवर धरलं, आन् वक्ताला सोडलं. चांगलं काम केलंस, बेटा. सांग त्या म्हाताऱ्यास्नी, येडशीच्या मेकॅनिकनं पास केलं म्हणून."

कलीमनं डोळे पुसले. "शुक्रवारी करतो फोन," एवढंच म्हणाला.

बघण्यासारखं काही उरलं नाही, तशी पाच मिनिटांत सगळी पांगली. चाचांनी चौदा कप धुतले, एकेक पुसला. कपाटात ठेवायला हात गेला आणि तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला घागरी पुन्हा गडगडल्या. गिरिजाबाईंनी डोकावलं. फळ्यांवर चाचा उभे, हातात मोडकी छत्री.

"अडकलो बगा, गिरिजाबाई."

त्या दारातून आत आल्या. दाराला आज कडी नव्हती. त्यांनी वाकून टाचेमागच्या खिडकीत पाहिलं. काटा तीनवर होता. स्वयंपाकघरात पाहिलं. चुलीवर दूध तापलेलं आणि ओट्यावर चौदा कप ओळीनं मांडलेले. मग त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा आभाळाकडे बघत होते.

गिरिजाबाई दाराशी गेल्या आणि पदर खोचून गल्लीत हाक घातली, "ए शिवकुमार! बसप्पा! या बिगीबिगी, रसूलभाई परत अडकल्यात!"