अदृश्य कुंपणाचा रंग

निवृत्त शाळाबसचालक डेल हॉकेनबेरी यांचा कुत्र्यासाठी कुंपण घालण्याचा अर्ज मेपल रिज वसाहतीच्या घरमालक संघाने अत्यंत सहानुभूतीपूर्वक फेटाळला. मी संघाच्या समितीचा सदस्य असल्यामुळे सहानुभूती होती, हे खात्रीने सांगू शकतो.

बायको नॉर्मा गेल्यापासून डेलला घर खायला उठत होतं. मागे ओढ्यापर्यंत एकरभर अंगण, आणि त्यात गवत कापणारा एकटा डेल. अशात गावाबाहेरच्या प्राणी-निवाऱ्यात टर्निप नावाच्या म्हाताऱ्या, अर्धवट बहिऱ्या शिकारी कुत्र्यावर त्याचा जीव जडला. निवाऱ्याची अट एकच होती, अंगणाला महिनाअखेरपर्यंत कुंपण हवं. नाहीतर कुत्रा दुसऱ्या कोणाला तरी. म्हाताऱ्या कुत्र्याला दुसरं कोणी नेत नाही, हे डेललाही ठाऊक होतं.

आमच्या नियम सातप्रमाणे कुंपण पांढऱ्या प्लास्टिकचंच लागतं. एवढ्या अंगणाला ते घालायचं तर डेलला घरच विकावं लागलं असतं. म्हणून तो लोखंडी खांब आणि तारेच्या जाळीचा नकाशा घेऊन आला.

"शेतात लावतात तसली जाळी?" अध्यक्षा लोरेटा पिफर म्हणाल्या. "डेल, आपण काय शेतकरी आहोत?"

"तुमचे वडील होते की, लोरेटाबाई."

"म्हणून तर मी इथे घर घेतलं."

मग डेलने गोदामात फुकट मिळणाऱ्या लाकडी फळ्या सुचवल्या. फुकटची वस्तू रस्त्यावरून ओळखू येते आणि शेजारच्या घरांचे भाव पडतात, असं समितीचं मत पडलं.

शेवटी तो म्हणाला, "बरं, मग जमिनीत तार पुरतो. कुत्रा जवळ गेला की गळ्यातल्या पट्ट्याला हलका झटका बसतो. निवाऱ्याला चालतंय. दिसणार तर काहीच नाही."

मी लिंबाची वडी खाली ठेवली आणि विचारलं, "रंग कोणता?"

"अरे, जे दिसतच नाही त्याला रंग कसला?"

"तेच तर. न दिसणारं कुंपण पांढरं आहे, याची खात्री आम्ही कशी करायची?"

आम्ही त्याला रंगाचा नमुना सादर करायला सांगितलं.

त्याच आठवड्यात हरणांनी लोरेटाबाईंचे ट्यूलिप खाल्ले. तातडीची सभा भरली आणि सगळ्या वसाहतीभोवती तारेची जाळी घालायचं एकमताने ठरलं. जाळी डेलचीच, कारण तीच स्वस्त. मात्र ही शेतातली जाळी नव्हती. ही 'वन्यजीव व्यवस्थापन सीमा' होती, आणि नियम सात सीमेला लागू होत नाही. खांब ठोकायला डेल सगळ्यांच्या आधी हजर असे. त्याचं अंगणही जाळीच्या आत आलं, म्हणून निवाऱ्यातली बाई येऊन जाळी हलवून बघून गेली. "मजबूत आहे," ती म्हणाली, "उद्या घेऊन जा कुत्रा."

टर्निप आला. दुसऱ्याच दिवशी समितीच्या लक्षात आलं, की सीमेच्या ठरावाप्रमाणे आत प्राण्यांना मनाई आहे.

"अहो, तो नियम हरणांसाठी आहे ना?" डेल म्हणाला.

"कुत्र्याला वगळलं तर हरणांवर अन्याय होईल," लोरेटाबाई म्हणाल्या. "आम्ही भेदभाव करत नाही."

"मग याला नेऊ कुठे?"

"जाळीबाहेर कुठेही. तिथे आम्ही बोलायला येणार नाही."

डेलने ते शब्दशः घेतलं. घर विकलं आणि रस्त्यापलीकडच्या माळावर जुनं फिरतं घर आणून उभं केलं. तिथे कुंपण नाही. टर्निप दिवसभर दारात पडून असतो, त्याला कुठेही जायचं नसतं.

हरणं मात्र आतच राहिली. जाळीचं फाटक बंद केलं तेव्हा ती ओढ्याकाठी झाडीत होती, आणि तिथे बघून यायला कोणाला नेमलेलं नव्हतं. ट्यूलिप संपले, आता गुलाब चालू आहेत. त्यांना हुसकायला एखादा कुत्रा हवा, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. पण नियम म्हणजे नियम.

तुम्हाला हसू येत असेल, तर हसा. फक्त एक सांगा, तुमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत ठराव एकमताने मंजूर झाला, तेव्हा चहाचा कप सांभाळत तुम्हीही हात वर केला होतात. तो ठराव कशासाठी होता?