गजभियेची मागची सीट

मे महिन्यात दुपारी दोन वाजता, आमच्या नंदनवन वस्तीतली कुत्री गाड्यांखाली शिरून पडलेली असतात त्या वेळी, आमचा शेजारी गजभिये जाड काळं जाकीट, मनगटावर चढणारे हातमोजे, गुडघ्यांना वाट्या आणि घोट्याच्या वर येणारे बूट एवढा सगळा सरंजाम चढवून मोटारसायकल बाहेर काढतो. कुठं निघाला म्हणाल, तर कोथिंबीर आणायला. भाजीवाली चौकात बसते आणि चौक आमच्या फाटकातून दिसतो.

"काहून गा, उन्हानं मरतं काय?" मी एकदा विचारलं.

"टेक्निकली सांगतो," तो हेल्मेटच्या आतून म्हणाला, "घाम निघाला त पुसता येते. कातडी निघाली त चिकटवता येत नाई."

हे 'टेक्निकली' त्यानं खापरखेड्याहून आणलं. तिथल्या वीज केंद्रात त्यानं सगळी नोकरी काढली. कामगारांची बस आमच्या चौकात थांबायची, पण हा पठ्ठ्या तीत एक दिवस चढला नाही. पाऊस असो, थंडी असो, लू वाहत असो, मोटारसायकल म्हणजे मोटारसायकल. तेव्हा मात्र तो चारचौघांसारखा होता. पायात चप्पल, डोक्याला दुपट्टा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि हेल्मेट आरशाला टांगलेलं, पोलीस दिसला की डोक्यावर घ्यायला. तो गजभिये मला आवडायचा. आताचा गजभिये लांबून दिसला की मी पेपर तोंडासमोर धरतो.

चार वर्षांपूर्वी तो बिघडला. नवरा-बायको भिवापूरहून येत होते, वहिनींच्या बहिणीकडून, मांडीवर वाळल्या मिरच्यांची पिशवी घेऊन. उमरेड रोडवर एका स्पीडब्रेकरवरून गाडी उडाली आणि शीलावहिनी मागून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. सहा महिने खाटेवर. त्या उठल्या, चालू लागल्या, पहिल्यासारख्या भांडूही लागल्या, पण एक गोष्ट त्यांनी सांगून टाकली. आता मोटारसायकलवर मागं बसणार नाही.

झालं. त्या दिवसापासून या माणसाला एकच ध्यास लागला. शीला परत मागं बसली पाहिजे. हे गुपित असतं तर मी इथं लिहिलं नसतं, पण तो दूधवाल्यालाही हेच सांगतो. खर्रा सुटला, चप्पल सुटली, आणि आमच्या गल्लीत मोटारसायकलचं गुरुकुल उघडलं. सकाळी सहाला तो पांढऱ्या फक्कीनं रस्त्यावर इंग्रजी आठचा आकडा काढतो आणि त्यावरून चालण्याच्या वेगानं गाडी फिरवत राहतो. गाडी न पडता एवढी हळू चालवणं म्हणे लय कठीण. असेल बावा. पण त्या आठच्या आकड्यावरून माझी स्कूटर गेली, की तो मला थांबवून मी क्लच कसा चुकीचा दाबतो ते सांगतो. माझ्या स्कूटरला क्लच नाही.

सगळ्यात मोठा तमाशा रविवारी. वहिनी विहारात वंदनेला ई-रिक्षानं जातात. हा मागून मोटारसायकलवर, जाकीट-बुटांसकट, रिक्षापासून मोजून तेवढंच अंतर ठेवून. रिक्षा थांबली की हा थांबतो. रिक्षानं वळण घेतलं की हा हात दाखवतो. एकदा रिक्षावाला घाबरून वहिनींना म्हणाला, "बाई, पाठीमागं कोणीतरी लागलं आहे." वहिनी म्हणाल्या, "लागू दे. नवराच आहे."

विहाराच्या दारात तो दरवेळी विचारतो, "जातानी बसतं काय वं मागं?"

"नाई जी. मी आपली रिक्षातच बरी."

मग हा पुन्हा हेल्मेट घालतो. लोक हसतात. मीही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते.

मागच्या हिवाळ्यात वर्धा रोडच्या पलीकडं एका मोकळ्या मैदानावर दोन दिवसांचं पुढच्या पातळीचं रायडर ट्रेनिंग होतं. दुसऱ्या दिवशी मागं माणूस बसवून गाडी चालवायची होती. वहिनींनी नाही म्हटलं. गजभिये माझ्याकडं आला.

"तूच चाल गा. टेक्निकली तुह्यं वजन शीलाएवढंच आहे."

मी बी.ए. झालेला, दोन मुलांचा बाप, विम्याच्या ऑफिसात साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस. माझी ही किंमत. तरी गेलो, कारण नाही म्हटलं असतं तर त्यानं रोज येऊन विचारलं असतं.

मैदानावर वीस-बावीस पोट्टे होते, एकेकाच्या गाडीचा आवाज कानाचे पडदे फाडणारा. त्यांच्यात आमची वरात. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकानं सगळ्यांना गोल उभं केलं आणि एकेकाला विचारलं, हा कोर्स तुम्ही का करताय? कोणाला लडाखला जायचं होतं. कोणी लडाखला जाऊन आला होता, त्याला परत जायचं होतं. गजभियेची पाळी आली. मला वाटलं, आता 'टेक्निकली' सुरू होते.

"मी थुंकत होतो, सर," तो म्हणाला.

पोट्टे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

"खर्रा होता तोंडात. थुंकायले मी मान उजवीकडं वळवली. मी मान वळवली का मिसेस डावीकडं झुकते, अंगावर शिंतोडे नको म्हणून. तीस वर्षांची सवय. ती झुकली अन् तेवढ्यात ब्रेकर आला. चांगला पांढऱ्या पट्ट्यांचा ब्रेकर होता, सर. दुरून दिसे. म्याच पाह्यला नाई."

कोणी हसलं नाही. प्रशिक्षकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्याला विचारलं.

आमच्या गल्लीत चार वर्षं त्या ब्रेकरला शिव्या बसत होत्या. आंधळा ब्रेकर, ना पट्टा ना पाटी, असं वहिनी स्वतः सगळ्यांना सांगायच्या. भेटायला आलेल्या प्रत्येकाला, खाटेवर पडल्या-पडल्या. म्हणजे चूक कोणाची, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मला फार लाज वाटली. पण ती फार वेळ टिकली नाही, कारण त्यानंतर हा मला मागं बसवून अख्खा दिवस मैदानाला चकरा मारत राहिला आणि दर वळणाला विचारत राहिला, "ठीक आहे ना गा?" सत्तर वेळा तरी मी ठीक होतो.

सर्टिफिकेट मिळालं. त्यानं ते प्लास्टिकमध्ये मढवून बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोपासून आदरानं दोन हात खाली लावलं. वहिनी रोज त्यावरची धूळ पुसायच्या. मागं मात्र बसल्या नाहीत.

मग शहरात मोटारसायकलींचा शो भरला. गजभियेनं आठवडाभर सगळ्यांचा जीव खाल्ला. शेवटी वहिनी यायला तयार झाल्या, तेही तिथं तर्रीपोहे मिळतात म्हणून, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी गेलो कारण गजभियेला एकट्याला सोडणं धोक्याचं होतं.

आणि होतंच. लोक पोट आत ओढून चकचकीत गाड्यांशेजारी फोटो काढत होते आणि हा शहाणा जमिनीवर उताणा पडून साखळ्या तपासत होता. एका स्टॉलवाल्याशी त्यानं टायरवरून वाद घातला. दुसऱ्यानं आम्हाला पाहिल्यावर जेवणाची सुट्टी जाहीर केली.

तिसऱ्या स्टॉलवर चौथऱ्यावर एक लांबलचक गाडी होती, दोन्ही चाकं लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली. बसा, फोटो काढा, उतरा. रांग होती. गजभियेचा नंबर आला. त्यानं हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला, दोन्ही आरसे नीट केले.

"गजभिये," मी म्हणालो, "चौथऱ्यावरून कुठं निघाला गा?"

त्यानं ऐकलं नाही. तो मान मागं करून वहिनींकडं पाहत होता. या वेळी विचारलं काहीच नाही.

वहिनींनी पोह्यांची प्लेट संपवली, हात पुसले, पर्स माझ्याकडं दिली. "धरा भाऊ," म्हणाल्या. मग पदर खोचला, चौथऱ्यावर चढल्या, त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि एक पाय पलीकडं टाकून बसल्या. दुखरा पाय त्यांनी हातानं उचलून पायदानावर ठेवला.

"थोडे समोर सरका जी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाले, अजून सगळी सीट तुम्हालेच लागते."

गजभिये सरकला.

"बसली काय वं?"

"बसली."

त्यानं दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरले. गाडी जखडलेली होती, ती कुठं जाणार होती? पण त्यानं ब्रेक सोडले नाहीत. मान सरळ, नजर समोर टांगलेल्या जाहिरातीच्या पडद्यावर. वहिनींनी हळूहळू दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती टाकले आणि गाल त्या जाड जाकिटाला टेकवला. फोटो काढणाऱ्यानं इकडं बघा, इकडं बघा म्हटलं, दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही.

"सर, झाला फोटो," स्टॉलवरचा टायवाला माणूस म्हणाला. "उतरा आता." मग तो माझ्याकडं वळला. "तुमच्यासोबतचे आहेत ना? सांगा त्यांना, मागं लाइन आहे."

"बसू दे गा त्याईले," मी म्हणालो, आणि पर्स काखेत धरून लाइनीपुढं आडवा उभा राहिलो.